डाऊटाचा हंगाम

धान कापणीचे दिवस आले की माह्या कानात इंग्रजी वाजाले लागते. बाकीच्यायले कापणी म्हणलं की विळा आठवते, धानाच्या काडीचा तो अर्धा ओला, अर्धा वाळला वास आठवते. मले आठवते 'आर यू शुअर?'. आता याले मी तरी काय करू?

आज सकाळी अभ्यासिकेत येऊन बसलो. खिडकी उघडली, त बाजूच्या बांधीत बाया धान कापून राहिल्या होत्या. त्यातल्या एका काकूनं मले पाहलं.

"का गा पंकज, लागते का यंदा भरतीत नंबर?"

"लागते ना काकू. यंदा लागतेच."

तिचा विळा थांबला नाही. मान वर झाली नाही. फक्त म्हणली, "हव का?"

हे 'हव का' कागदावर उतरत नाही, ऐकाच लागते. 'हव' म्हणजे आमच्याकडं हो. पण त्याले 'का' लागला आन् शेवटी आवाज बोटभर वर गेला, की अर्थ असा होते: बाळा, तुही गोष्ट मी ऐकली, मानली मात्र नाही. इंग्रजीत यालेच 'रिअली?' म्हणतेत. तेथीबी आवाज बोटभर वरच जाते. गोऱ्या लोकायची आन् आमच्या काकूची कधी भेट झाली नाही, पण शंका घ्याची वेळ आली की दोघायचा गळा सारखाच वाकडा होते. हे मी त्या सालच्या हिवाळ्यात शिकलो. पुस्तकातून थोडं, आन् बांधीतून जास्त.

त्या साली मी बारावीत दोनदा इंग्रजीत गेलो होतो. एकदा मुख्य परीक्षेत, एकदा पुरवणीत. बाकी सगळे विषय पास, इतिहासात त सरायनं पाठ थोपटावी एवढे मार्क. इंग्रजीच तेवढी आडवी. पुरवणीचा निकाल लागला तवा बाबा अंगणात दोर वळत होते. मी सांगितलं. त्यायनं दोर खाली ठेवला नाही.

"यंदाचं धान निघू दे," बाबा म्हणले. "संक्रांत झाली की तुहा मामा टोळी घेऊन तेलंगणात मिरची तोडाले चालला. त्याच्यासंग जा."

"आन् परीक्षा?"

"तिसऱ्यांदा काय दिवे लावतो?"

माय चुलीपासून उठून बाहेर आली. "द्या ना जी अजून एक चान्स. करतो म्हणते पोरगं."

बाबानं मानेवरचा दुपट्टा काढला, मान खाजवली, पुन्हा दुपट्टा टाकला. म्हणले, "पाहू."

जगातल्या सगळ्या भाषा एका पारड्यात टाका आन् माह्या बापाचं 'पाहू' दुसऱ्या पारड्यात. 'आय डाऊट इट' त्याच्यापुढं लेकरू हाय. 'पाहू'त शंका हाय, दया हाय, आन् विषय संपला हेबी हाय.

पण माय काही हलली नाही, तेथीच उभी राहिली. शेवटी ठरलं असं की बोरकर सरले विचारू. बोरकर सर म्हणजे कॉलेजातले आमचे इंग्रजीचे सर. त्यायनं म्हणलं पोरगं पास होते, त परीक्षा. त्यायनं म्हणलं नाही, त मिरची.

मिरची तोडणं काही वाईट काम नाही. मामानं त्याच्यावर घर उभं केलं. पण मामाचे हात मी पाहले होते. मिरचीवरून आलेला मामा महिनाभर आपल्या लेकराच्या गालाले हात लावत नसे. जायचंच असतं त मी गेलोबी असतो. 'इंग्रजीत गेला म्हणून आला' अशी ओळख घेऊन मले टोळीत जायचं नव्हतं, एवढंच.

तर मी ठरवलं, सर हो म्हणतीन एवढी इंग्रजी कराचीच. सर दयाळू होते, त्यायनं मले वर्गात मागच्या बेंचवर बसू दिलं. मी रोज सायकल हाणत जायचो. एक दिवस सरायनं फळ्यावर लिहिलं: शंका आन् अविश्वास कसा व्यक्त करावा. खाली वाक्यंच वाक्यं. आर यू शुअर. आय डाऊट इट. यू मस्ट बी जोकिंग. आय फाइंड दॅट हार्ड टु बिलीव्ह. पोट्टे जांभया देत उतरवून राहिले होते. मी मात्र सरळ होऊन बसलो. कारण फळ्यावर माहं गाव लिहिलं होतं! हे सगळे लोक मले ओळखीचे होते. रोज सकाळी-संध्याकाळी मले हेच त बोलत होते.

आता मी नकला करणारा माणूस. लहानपणापासून. सरपंच कसे खाकरतेत, एसटीचा कंडक्टर 'चला पुढं सरका' कसा नाकातून म्हणते, विहारात वंदना घेणारे आजोबा मधातच कसे झोपतेत, हे सगळं माह्या गळ्यात भरून ठेवलेलं. शब्द पाठ होत नव्हते माह्यानं. माणसं पाठ व्हायची. मंग मी एक वही केली आन् एकेका वाक्याले एकेक माणूस वाटून दिला.

'यू मस्ट बी जोकिंग' पानठेल्यावरल्या पोट्ट्यायले दिलं. ते थेच म्हणतेत, "मजाक करून राहिला का बे?" 'आर यू शुअर' कंडक्टरले, कारण थो पोराचं वय विचारून झाल्यावर मायकडं असाच पाहते: पाच वर्षाचं? पक्कं? 'फार-फेच्ड' म्हणजे लांबून आणलेली गोष्ट. हे मायच्या नावावर. तिचं नेहमीचं वाक्य हाय, "हे आता कोठून आणलं रे बापा?" मले सगळ्यात कोडं पडलं 'आय फाइंड दॅट हार्ड टु बिलीव्ह'चं. एवढं लांबलचक कोण बोलते? आमच्या गावात एवढ्या वेळात माणूस "हट्!" म्हणून घरी जाऊन जेवते. ते मी सरपंचाले दिलं. त्याले वेळ राहते.

माही बहीण ज्योती तवा नववीत होती. जिभेनं तिखट. तिनं वहीत 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' वाचलं.

"म्हणजे काय दादा?"

"म्हणजे कोणाची गोष्ट पुरी खरी मानाची नाही. चिमूटभर मीठ टाकून घ्याची."

"तुह्या गोष्टीले त पोतंभर लागन," ती म्हणली आन् पळाली.

दिवाळी झाली आन् मंडईचे दिवस आले. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दुकानं, पाळणे, जिलेबी, आन् दंडारीचे नाच-सोंगाचे खेळ. आमच्या गावच्या मंडईत दुपारी दंडार सुरू व्हाच्या आधी पोट्ट्यायनं मले ढकलून मांडवात उभं केलं. "पंक्या, कर ना बे काहीतरी!" मी केलं. सरपंच केला, कंडक्टर केला. लोक हसत होते. हसणारे लोक दिसले की माह्या अंगात येते. मंग मी बोरकर सर केले. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा दाबलेला, रस सांडू नये म्हणून हनुवटी आभाळाकडं, आन् ओठाच्या कोपऱ्यातून, "पंकज, आय डाऊट इट!" मांडव कोसळाचा बाकी राहिला. मंग मले दिसलं, समोरच्या खुर्च्यायवर दुसऱ्या रांगेत सर आपल्या बायको-पोरीसंग बसले होते. सरबी हसत होते. पण बाकीच्यायपेक्षा थोडं आधी थांबले.

त्याच्या आठवड्यानं चाचणी झाली. एक प्रश्न होता, दोन मित्रायचा संवाद लिहा, एक काहीतरी सांगते, दुसऱ्याले विश्वास बसत नाही. मी दीड पान लिहिलं. माह्यासाठी काय त्यात, गावातल्या गावात फिरून आलो! पेपर वाटले तवा सरायनं माहा पेपर हातातच ठेवला.

"हे तू लिहिलं?"

"हव सर."

"कोणाचं पाहून?"

"कोणाचंच नाही सर."

"दोनदा नापास झालेला पोरगा 'फार-फेच्ड' लिहिते," सर वर्गाले म्हणले, "आन् स्पेलिंगबी बरोबर." वर्गाले काय, हसाचंच काम. "ये समोर. बोलून दाखव."

मी समोर गेलो. सरायनं विचारलं, मी बोललो. एक वाक्य सरपंचाच्या आवाजात, एक कंडक्टरच्या. बाकं वाजाले लागली. मले वाटलं, जिंकलो. मी हनुवटी वर केली आन् सरायच्याच आवाजात म्हणलो, "यू मस्ट बी जोकिंग!"

सर हसले नाही. "छान," ते म्हणले. "आता पंकजच्या आवाजात बोल."

मी तोंड उघडलं.

खोटं नाही सांगत, काहीच आलं नाही. 'आय' आला, पुढं गाडी चालेना. सरपंचाले इंग्रजी येत होतं, कंडक्टरले येत होतं, पानठेल्यावरल्या पोट्ट्यायले येत होतं. पंकजले येत नव्हतं. वर्ग आताबी हसत होता, त्यायले वाटलं हीबी नक्कलच हाय. कोण्या मुक्या माणसाची.

तास संपल्यावर मी सरायच्या मागं गेलो. व्हरांड्यात उभं राहून सगळं सांगितलं. बाबा, मामा, मिरची. सरायनं खर्ऱ्याची पन्नी हातावर घोटता घोटता ऐकलं.

"परीक्षेत पेपरवर कोणाचा आवाज नसते रे," ते म्हणले. "पण तोंडी परीक्षा मीच घेतो. आन् तुह्या बापाले मी खोटं सांगणार नाही. आज विचारलं त मी म्हणीन, मले शंका हाय."

"अजून एक डाव द्या सर."

"संक्रांतीच्या आधी ये. बाबाले घेऊन ये. तुह्या आवाजात बोलला त बोलू."

घरी येऊन मी वही फेकली नाही. पोट्टे म्हणले, सोड बे, सर खुन्नस काढून राहिले मंडईची. मलेबी दोन दिवस तसंच वाटलं. मंग कापणी आली.

कापणीत विचार कराले वेळ भेटते, कारण हात आपल्या आपण चालतेत. मूठ धरा, विळा ओढा, कडपा आडवा टाका. पहाटेचं दव पायाले चावते आन् दुपारी पाठीवर ऊन बसते. मी एकेक मूठ कापायचो आन् विचार करायचो, माहा आवाज कोणता? हसू नका. तुमी कधी हा विचार केला नसन, कारण तुमाले गरज पडली नाही. मले आठवेना. माय हाक मारते तवा मी 'ओ' देतो, थो आवाज बाबाचा. पोट्ट्यायत बोलतो थो पानठेल्याचा. मुलीसंग बोलायची वेळ आली की चक्क रेडिओवाला.

हलकं धान आधीच चुरून पोत्यात भरलं होतं, एक दिवस व्यापाऱ्याचा माणूस ते पाहाले आला. आमच्याकडं धान पाहाची एक रीत हाय. बाबा म्हणले, वाळलं हाय. त्यानं ऐकून घेतलं आन् तरी पोत्यात हात घातला, दोन दाणे काढले, दाताखाली धरले. कट्. तेवढ्या आवाजावरून थो समजला. ओला दाणा दबते, वाळला दाणा वाजते. मी बाबाच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो. राग नव्हता. अपमान नव्हता. माह्या बापाच्या शब्दावर त्या माणसानं भरवसा ठेवला नाही, दातावर ठेवला, आन् बापाले त्यात काहीच वाटलं नाही. उलट स्वतःच दुसरं पोतं उघडून पुढं सरकवलं.

तवा मले सर दिसले. मले वाटत होतं, शंका घेणारा माणूस दुश्मन. पण सरायनं मले हाकललं नव्हतं. दाताखाली धरलं होतं. ओला होतो त दबलो, त्याले ते काय करतीन? वाळाचं काम त माहंच हाय.

मंग रोज संध्याकाळी, धानाचे भारे बांधता बांधता, ज्योती आन् मी. ती काहीबाही फेकायची, मी शंका घ्यायचो.

"मी कलेक्टर होणार हाव."

"आर यू शुअर?"

"हा कंडक्टर झाला. पुन्हा."

"आर यू शुअर?"

"हे बाबा झाले. पुन्हा!"

दहा दिवस असंच. ती मले पास करेना. गावातला एक एक माणूस तिनं माह्या गळ्यातून ओळखून बाहेर काढला. एका संध्याकाळी ती कंटाळली आन् भारा खाली टाकून म्हणली, "जाऊ दे दादा. सर बरोबरच म्हणले. तू पेपर कोणाचा तरी पाहूनच लिहिला."

"नाही वो!" मी ओरडलो. "मीच लिहिलो! मीच!"

ती माह्याकडं वळली. हा आवाज बारीक होता, थोडा फाटलेला, त्यात काहीच गंमत नव्हती. मी त्याले ओळखलं. पहिल्यांदा नापास झालो तवा दारात उभं राहून 'माय, गेलो' म्हणलो होतो, तोच. त्या दिवसापासून मी त्याच्यापासून पळत होतो. सरपंचाच्या मागं लपत होतो, कंडक्टरच्या मागं लपत होतो.

"हाच," ज्योती हळूच म्हणली. "ह्यातच बोल ना दादा. चांगला हाय."

चांगला नव्हता. पण माहा होता. त्या आवाजात इंग्रजी बोलणं म्हणजे नव्या चपलेनं बांधीत चालणं. पाय मुरगळते, चप्पल रुतते. सरपंचाच्या आवाजात चूक झाली त सरपंचाची चूक. माह्या आवाजात चूक झाली की माहीच. रोज पाच वाक्यं, मंग दहा. धान निघालं, चुरणा होऊन दाणे सुटले, तनसाचा ढीग लागला. मी बोलत राहिलो. माय पाणी आणून द्याची आन् माह्या तोंडाकडं पाहत राहाची. तिले एक शब्द कळत नव्हता, तरी कोणत्या दिवशी बरं झालं हे ती बरोबर सांगायची.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी बाबा आन् मी कॉलेजात गेलो. बाबानं धुतलेला शर्ट घातला होता. "जय भीम सर," म्हणले आन् खुर्चीच्या कोपऱ्यावर बसले, जशी खुर्ची कोणी मागून घेईन.

सरायच्या गालात खर्रा होता. त्यायनं माह्याकडं पाहलं आन् एकदम सुरू केलं. "पंकज, आय हॅव लेफ्ट खर्रा."

"आर... आर यू शुअर, सर?"

सरायचे डोळे हसले. "येस्टरडे आय सॉ अ टायगर इन अवर ऑफिस."

"दॅट्स हार्ड टु बिलीव्ह, सर." एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तोंडातून आपल्या आपण निघालं, "अवर क्लार्क विल आस्क हिम फॉर आयकार्ड."

ग्रामर कच्चं होतं, मले आज कळते. पण सर एवढे हसले की त्यायले उठून कोपऱ्यात थुंकावं लागलं. परत आले तवा गाल रिकामा होता. तोंड पुसलं, खुर्ची पुढं ओढली, आन् हसू कोठल्या कोठं.

"पंकज. यू विल फेल अगेन."

बाबाले इंग्रजी येत नाही. पण 'फेल' बाबाले येते. गुडघ्यावर फिरणारा त्यायचा हात थांबला.

माह्या गळ्यात सरपंच आला. कंडक्टर आला. सगळे दारात गर्दी करून उभे राहिले, आमी बोलतो म्हणून. त्यायले मी मागं सारलं.

"आय डाऊट इट, सर."

बारीक. फाटलेला. हनुवटी खालीच.

मंग बाबा सरायकडं वळले. "काय म्हणला जी?"

"मी म्हणलो, तू पुन्हा नापास होशीन."

"आन् थो?"

"थो म्हणला, मले नाही वाटत."

बाबानं माह्याकडं पाहलं. लय वेळ. वाळलं धान पाहतेत तसं.

"मले लिहून देता येत नाही," सर म्हणले. "पण बसू द्या त्याले परीक्षेले."

परीक्षा झाली, उन्हाळ्यात निकाल लागला, इंग्रजीत त्रेचाळीस पडले. हे मी आताच सांगून टाकतो, कारण मले निकालाचं सांगायचं नाही. निकाल कागदावर येते. मले फोनचं सांगायचं हाय.

कॉलेजच्या फाटकाबाहेर येऊन बाबानं मामाले फोन लावला. मामाचा आवाज एवढा मोठा की फोन कानाले लावाची गरजच नाही.

"पंक्या येत नाही गा टोळीत," बाबा म्हणले. "त्याच्या जागी दुसरा पाहून घे."

"काहून जी भाऊजी? पास होते का थो आता?"

"होते."

"कोण म्हणलं?"

मले वाटलं, बाबा सरायचं नाव घेतीन.

"मी म्हणलो," बाबा म्हणले.

मामा तिकडून हसला. काहीतरी बोलला, ते मले नीट ऐकू आलं नाही. बाबानं ऐकून घेतलं आन् फोन बंद केला. गाडीले चाबी लावली. मी मागं बसलो तवा मान न वळवता म्हणले,

"आता मले खोटा पाडू नको."